घरच्या ओव्हनमध्ये हवाईयन पद्धतीचे हुली-हुली चिकन: सॉस, ग्लेझ आणि आचेचे गणित

हवाई बेटांवर सुट्टीच्या दिवशी शाळेच्या मैदानाच्या कडेला किंवा रस्त्यालगतच्या मोकळ्या जागेत निखाऱ्यांची लांबलचक शेगडी पेटवलेली असते आणि लोखंडी जाळ्यांमध्ये धरलेले कोंबडीचे अर्धे-अर्धे भाग त्यावर सतत उलटसुलट केले जात असतात. शाळेच्या, संघाच्या किंवा चर्चच्या एखाद्या कामासाठी निधी उभा करण्याची ही तिथली रुळलेली पद्धत आहे, आणि या पदार्थाचे नाव हुली-हुली चिकन. सोया सॉस, साखर, आले आणि अननस यांच्या चकचकीत, चिकट मुलाम्यामुळे ते ओळखले जाते. हा मुलामा, म्हणजेच ग्लेझ, घरच्या ओव्हनमध्ये नीट जमवता येतो. मात्र त्यासाठी चिकन शिजवणे आणि ग्लेझ चढवणे ही दोन स्वतंत्र कामे आहेत हे सुरुवातीलाच मान्य करावे लागते. बहुतेक कृती सगळा गोड सॉस आरंभीच चिकनवर ओतायला सांगतात, आणि त्यामुळेच वरून काळे व आतून कच्चे असे चिकन वाट्याला येते.

या पदार्थाचा इतिहास फार जुना नाही. 1955 साली होनोलुलूतील पॅसिफिक पोल्ट्री या कंपनीचे अर्नेस्ट मॉर्गाडो यांनी शेतकऱ्यांच्या एका मेळाव्यात आपल्या आईच्या पद्धतीच्या, तेरियाकीच्या (सोया सॉस आणि साखरेच्या जपानी मुलाम्याच्या) वळणाच्या सॉसमध्ये मुरवलेले चिकन निखाऱ्यावर भाजून वाढले, आणि लोकांना ते इतके आवडले की पुढे त्यांनी याच नावाने सॉस विकायला सुरुवात केली. हवाईयन भाषेत हुली म्हणजे उलटणे; चिकनची एक बाजू भाजली की जाळी उलटा, असा पुकारा भाजणारे एकमेकांना करत, त्यावरून हे नाव पडले. मूळ सॉसची कृती कंपनीने कधी जाहीर केली नाही, त्यामुळे घरोघरी आणि हॉटेलांत जे केले जाते ते त्या चवीच्या जवळ जाणारे प्रयत्न असतात. खाली दिलेली कृतीही त्याच जातीची आहे.

सॉसमधले घटक मात्र त्या बेटांच्या इतिहासातूनच आलेले आहेत. उसाच्या मळ्यांवर काम करण्यासाठी 1885 पासून जपानी मजूर मोठ्या संख्येने हवाईत आले आणि त्यांच्याबरोबर सोया सॉस, आले व साखर एकत्र आटवून मांसावर चढवण्याची पद्धत आली. 1901 मध्ये जेम्स डोल यांनी ओआहू बेटावर अननसाची कंपनी काढली, आणि पुढच्या काही दशकांत डबाबंद अननस ही हवाईची जगभर ओळख झाली. साखर तर मळ्यांचीच होती. म्हणून अननसाचा रस घातला की पदार्थ हवाईयन झाला, असे समजणे अपुरे आहे. सोया सॉसचा खारटपणा, आल्याचा तिखटपणा आणि निखाऱ्याचा धूर नसेल तर उरते ते केवळ गोड चिकन.

ओव्हनमध्ये काय बदलते

निखाऱ्यावर भाजताना जाळी दर काही मिनिटांनी उलटली जाते, त्यामुळे सॉसमधली साखर एका जागी फार वेळ तापत नाही. एक बाजू आचेवर असताना दुसरी थोडी निवते, आणि असे थर चढत-चढत रंग गडद होत जातो. ओव्हनमध्ये गरम हवा चिकनला सर्व बाजूंनी सतत वेढून असते. साखरेच्या थरात पाणी आहे तोवर त्याचे तापमान 100 अंश सेल्सिअसच्या आसपास अडकून राहते. पाणी उडून गेले की ते झपाट्याने चढते आणि सोनेरी ते काळा हा प्रवास दोन-तीन मिनिटांत संपतो. त्यातही अननस आणि गूळ या दोन्हींत फ्रुक्टोज असते, आणि ते साध्या साखरेपेक्षा बरेच आधी करपते. अख्खी तंगडी पूर्ण शिजायला 200 अंशांवर 40 ते 50 मिनिटे लागतात, तर चांगला ग्लेझ चढायला 12 ते 15 मिनिटे पुरतात. या दोन वेळांचा मेळ घालायचा तर ग्लेझ शेवटच्या टप्प्यातच लावला पाहिजे. पुढची सगळी कृती याच हिशेबावर उभी आहे.

चिकन कोणते घ्यावे

या पद्धतीसाठी मांडी आणि तंगडी जोडलेला अख्खा लेग पीस सर्वांत योग्य. छातीचे मांस 70 अंशांच्या पुढे गेले की कोरडे पडू लागते, पण मांडीच्या मांसात स्निग्धांश आणि सांध्याभोवतीचे चिवट तंतू जास्त असल्यामुळे ते 80 ते 85 अंशांपर्यंत नेले तर उलट अधिक मऊ आणि रसरशीत होते. शेवटी दहा-बारा मिनिटे ग्लेझसाठी जास्तीची आच द्यायची आहे, तेव्हा ती सहन करणारा भाग निवडणे शहाणपणाचे ठरते.

आपल्याकडे चिकनच्या दुकानात कोंबडी सोलूनच देतात, त्यामुळे कातडीसकट हवे असल्यास आधी सांगून ठेवावे लागते. काही दुकानदार पिसे काढण्याचे यंत्र वापरतात आणि 'विथ स्किन' म्हटल्यावर लगेच देतात. इतरांकडे आदल्या दिवशी सांगावे. थोडी खटपट करावी लागली तरी कातडीसकटच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण ग्लेझ धरून ठेवणारा पृष्ठभाग तीच पुरवते आणि तिच्यातून सुटणारी चरबी मांसाला वरून ओलावा देत राहते. कातडी नसलेले चिकन वापरण्यावाचून पर्याय नसेल, तर मुरवणातून काढून कोरडे केल्यावर तुकड्यांना एक मोठा चमचा तेल चोळावे, ओव्हन 190 अंशांवर ठेवावा आणि पहिली 20 मिनिटे ट्रेवर ॲल्युमिनियम फॉइल सैलसर झाकावे.

चार माणसांसाठी साधारण 1.1 ते 1.2 किलो वजनाचे चार अख्खे लेग पीस पुरतात. शिजवण्याआधी चिकन नळाखाली धुण्याची आपली सवय असते, परंतु त्यामुळे जंतू नाहीसे होत नाहीत, उलट शिंतोड्यांबरोबर ओट्यावर आणि शेजारच्या भांड्यांवर पसरतात. जंतू मरतात ते योग्य तापमानाला शिजल्यावरच. चिकनला रक्त किंवा पिसांचे अवशेष लागलेले असतील तर ते किचन पेपरने पुसून काढावेत, आणि धुवायचेच असेल तर भांड्यातल्या पाण्यात हलक्या हाताने बुडवून काढून सिंक लगेच साबणाने स्वच्छ करावे.

प्रत्येक तुकडा कातडीची बाजू खाली करून ठेवावा आणि मांसाच्या बाजूने हाडालगत दोन खोल चिरा पाडाव्यात: एक मांडीत, एक तंगडीत. सांध्याजवळचा भाग सर्वांत उशिरा शिजतो, आणि या चिरांमुळे आच तिथपर्यंत लवकर पोहोचते. कातडीवर चिरा पाडू नयेत. भाजताना कातडी आक्रसते आणि चिरा रुंदावून मांस उघडे पडते.

सॉसचे साहित्य

अननसाचा रस, 250 मिली
सोया सॉस, 80 मिली
चिरलेला फिकट गूळ किंवा ब्राउन शुगर, 80 ग्रॅम
टोमॅटो केचप, 4 मोठे चमचे
किसलेले आले, दीड मोठा चमचा
लसणाच्या 6 मोठ्या पाकळ्या, बारीक ठेचून
राइस व्हिनेगर किंवा साधे व्हिनेगर, 1 मोठा चमचा
तिळाचे तेल, 1 छोटा चमचा
भरडलेली लाल मिरची, अर्धा छोटा चमचा

मोठा चमचा म्हणजे 15 मिली आणि छोटा चमचा म्हणजे 5 मिली, असे येथे धरले आहे. मीठ यादीत नाही, आणि ते मुद्दाम वगळले आहे. चांगल्या सोया सॉसमध्ये दर 100 मिलीला साधारण 16 ते 18 ग्रॅम मीठ असते, म्हणजे 80 मिलीमध्ये तेरा-चौदा ग्रॅम मीठ आधीच आलेले असते. सवयीने वरून मीठ घातले की आटल्यानंतर ग्लेझ खाता येत नाही इतका खारट होतो.

सोया सॉस निवडताना बाटलीवरचा मजकूर वाचावा. किराणा दुकानात सहज मिळणारा डार्क सोया सॉस बहुधा कॅरॅमलचा रंग घातलेला असतो. त्यामुळे चिकन भाजण्याआधीच गडद दिसू लागते आणि शिजले आहे असा भास होतो. सोयाबीन, गहू, पाणी आणि मीठ एवढेच घटक असलेला, आंबवून केलेला सॉस मिळाला तर तोच घ्यावा. तो मिळाला नाही तर लाइट सोया सॉस चालतो. डार्क सॉसच हाताशी असेल तर तो 50 मिली घेऊन त्यात 30 मिली पाणी मिसळावे आणि पाव छोटा चमचा मीठ घालावे.

गुळाबद्दलही दोन शब्द सांगितले पाहिजेत. ब्राउन शुगर म्हणजे मळीचा अंश असलेली साखर, त्यामुळे तिची जागा गूळ समर्थपणे घेतो, किंबहुना चवीला अधिक खोली देतो. परंतु काळसर, तीव्र वासाचा गूळ आल्यावर आणि अननसावर मात करतो, म्हणून कोल्हापुरी पिवळसर गूळ घ्यावा आणि विरघळल्यावर सॉस गाळून घ्यावा, कारण गुळातला कचरा आणि बारीक खडे ग्लेझमध्ये दाताखाली येतात. आले-लसूण गाळल्यानंतर घालावे म्हणजे ते वाया जात नाही. केचपचे नाव वाचून काही वाचक नाक मुरडतील, पण हवाईतल्या घरगुती कृतींमध्ये ते सर्रास असते, आणि त्यातला टोमॅटोचा गर ग्लेझला दाटपणा देतो.

अननसाचा रस आधी उकळावा

ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचा प्रथिने तोडणारा घटक असतो. कच्च्या अननसाचा भरपूर रस लावून चिकन रात्रभर ठेवले तर सकाळी वरचा थर पिठूळ आणि लिबलिबीत झालेला आढळतो, आणि भाजल्यावरही तो पोत सुधारत नाही. उकळल्यावर ब्रोमेलेन निष्क्रिय होते. डब्यातला अननस आणि बंद खोक्यातला रस कारखान्यातच तापवलेला असतो, त्यामुळे तिथे ही अडचण येत नाही. ताज्या फळाचा रस चवीला कितीतरी सरस असल्यामुळे हंगामात तोच वापरावा. मध्यम आकाराच्या पिकलेल्या अननसाच्या अर्ध्या भागाचे तुकडे मिक्सरमधून फिरवून गाळले की एका पाककृतीपुरता रस बहुधा निघतो, आणि उरलेल्या अर्ध्याच्या चकत्या सोबत भाजायला होतात. बंद खोक्यातल्या रसात साखर घातलेली असेल तर गूळ 80 ग्रॅमऐवजी 50 ग्रॅम घ्यावा. डब्यातल्या चकत्यांचा पाक वापरायचा असेल तर 150 मिली पाक आणि 100 मिली पाणी घेऊन गूळ 40 ग्रॅमवर आणावा.

जाड बुडाच्या पातेल्यात रस, सोया सॉस, गूळ आणि केचप एकत्र करून मध्यम आचेवर ठेवावे. गूळ विरघळला की गाळावे, आले, लसूण आणि मिरची घालून पुन्हा आचेवर ठेवावे आणि उकळी फुटल्यावर पाच मिनिटे मंद उकळू द्यावे. गॅस बंद करून व्हिनेगर आणि तिळाचे तेल घालावे व सॉस पूर्ण गार होऊ द्यावा. कोमट सॉस कच्च्या चिकनवर ओतू नये, कारण कोमट चिकनवर जंतू वेगाने वाढतात.

गार झालेल्या सॉसपैकी एक तृतीयांश, म्हणजे साधारण 150 मिली, मुरवण्यासाठी वेगळा काढावा. उरलेला दोन तृतीयांश झाकून फ्रीजमध्ये ठेवावा आणि कच्च्या चिकनला लागलेला चमचा, हात किंवा ब्रश त्याला लागू देऊ नये. याचाच पुढे ग्लेझ करायचा आहे, आणि त्यातला थोडा भाग ताटातही वाढला जाणार आहे.

मुरवणे आणि कोरडे करणे

काचेच्या पसरट भांड्यात किंवा जाड पिशवीत चिकन आणि 150 मिली सॉस एकत्र करून फ्रीजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवावे, म्हणजे गळती झालीच तर इतर अन्नावर ठिबकणार नाही. चार तास किमान, आठ तास उत्तम. एक रात्र ठेवले तरी चालते, त्याहून जास्त ठेवून फारसे काही साधत नाही. मुरवण्याने सॉसची चव हाडापर्यंत जाते असा समज आहे, परंतु प्रत्यक्षात आत जाते ते मुख्यतः मीठ. साखर आणि आल्या-लसणाचा सुगंध पृष्ठभागाच्या आसपासच राहतो. मीठ आत गेल्यामुळे मांस रस धरून ठेवते, आणि मुरवण्याचा खरा लाभ तोच आहे. मध्ये एकदा तुकडे उलटावेत.

भाजण्याच्या अर्धा तास आधी चिकन बाहेर काढावे, उन्हाळ्यात वीस मिनिटेच पुरे, आणि आता एक पायरी येते जी घाईत गाळली जाते. प्रत्येक तुकडा निथळून, किचन पेपरने सर्व बाजूंनी, विशेषतः कातडीवर, नीट टिपून कोरडा करावा. चिकटलेले आल्या-लसणाचे कण पुसून टाकावेत, कारण ते सर्वांत आधी जळतात आणि कडवटपणा आणतात. मुरवलेली चव पुसली जाईल ही भीती बाळगू नये. ओली कातडी ओव्हनमध्ये आधी वाफवली जाते आणि मग रबरासारखी होते. त्या कातडीवर कितीही सुंदर ग्लेझ चढवला तरी तो घसरून ट्रेमध्ये जातो. मुरवणाचा उरलेला सॉस टाकून द्यावा.

ओव्हनची तयारी

ओटीजी असेल तर वरचा आणि खालचा दोन्ही रॉड चालू ठेवून 200 अंशांवर किमान 15 मिनिटे आधी तापवावा. लहान ओटीजीच्या बटणावरचा आकडा आणि आतले खरे तापमान यांत वीस-वीस अंशांचा फरक असू शकतो, त्यामुळे आत ठेवायचा छोटा तापमापक घेणे हा थोड्या पैशांत होणारा मोठा फायदा आहे. पंख्याचा ओव्हन असेल तर 180 अंश पुरतात. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये फक्त कन्व्हेक्शन मोड वापरावा आणि सोबत आलेल्या बुटक्या जाळीवर चिकन ठेवावे. अमेरिकेत किंवा इतरत्र फॅरनहाइटचे ओव्हन वापरणाऱ्यांनी 400 अंशांवर तापवावा.

ट्रेला फॉइल लावून त्यावर जाळी ठेवावी. ट्रेमध्ये अर्धा कप पाणी ओतावे. ठिबकणारी चरबी आणि साखर कोरड्या तापलेल्या ट्रेवर पडली की जळून धूर करते आणि तो कडवट धूर चिकनमध्ये मुरतो. पाणी असले की हे टळते. पाणी अर्ध्या कपापेक्षा जास्त घालू नये, नाहीतर लहान ओव्हन वाफेने भरतो आणि कातडी भाजली जात नाही. तुकड्यांमध्ये दोन बोटांचे अंतर ठेवावे. ओटीजी लहान असेल तर चारही तुकडे दाटीवाटीने कोंबण्यापेक्षा दोन-दोन करून भाजावेत.

भाजण्याचा क्रम

प्रथम कातडीची बाजू खाली ठेवून, मधल्या कप्प्यात, 15 मिनिटे भाजावे. या अवस्थेत चिरा पाडलेली मांसाची बाजू वर असल्यामुळे ती भाजली जाते आणि सांध्यापर्यंत उष्णता पोहोचते. मग चिमट्याने तुकडे उलटावेत, ट्रेतले पाणी आटले असल्यास थोडे घालावे, आणि कातडी वर असताना आणखी 20 मिनिटे भाजावे. जाळी सतत उलटण्याच्या मूळ पद्धतीतून ओव्हनसाठी घ्यायचे ते एवढे एकच उलटणे. ओव्हन पुन्हा-पुन्हा उघडून चिकन फिरवत बसल्याने आतले तापमान पडते आणि वेळ लांबतो.

ही पस्तीस मिनिटे चालू असताना दुसरीकडे ग्लेझ तयार करावा. राखून ठेवलेला सॉस पसरट पातेल्यात मध्यम आचेवर उकळत ठेवावा. साधारण 12 ते 15 मिनिटांत तो निम्म्याहून कमी होतो. सुरुवातीला बुडबुडे लहान आणि फेसाळ असतात. पाणी कमी होत गेले की ते मोठे, संथ आणि चकचकीत होतात. चमच्याच्या मागच्या बाजूला सॉस लावून त्यावरून बोट फिरवावे. रेघ स्वच्छ राहिली आणि कडा ओघळून मिळाल्या नाहीत की ग्लेझ झाला. गार झाल्यावर तो आणखी दाट होतो, म्हणून पातेल्यात तो मधापेक्षा थोडा पातळ असतानाच गॅस बंद करावा. जास्त आटलाच तर दोन चमचे गरम पाणी घालून सारखा करता येतो.

कॉर्नफ्लोअर घालून हे काम तीन मिनिटांत उरकता येते आणि पुष्कळ ठिकाणी तसे सुचवलेही जाते. मला तो मार्ग पसंत नाही. कॉर्नफ्लोअरचा सॉस निवल्यावर लापशीसारखा थिजतो, त्याची चमक मंदावते, आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे आटवल्याने अननस, आले आणि सोया सॉस यांची जी चव एकवटते ती त्यात येत नाही. पंधरा मिनिटे चिकन ओव्हनमध्ये असतेच. तो वेळ आटवण्यासाठी वापरावा.

तयार ग्लेझचे दोन भाग करावेत, अर्धा ब्रशने लावण्यासाठी आणि अर्धा वाढण्यासाठी. पस्तीस मिनिटांनंतर मांडीच्या जाड भागात, हाडाला न टेकवता, तापमापकाची सुई घालून पाहावे. 70 अंशांच्या वर तापमान असेल तर ग्लेझ सुरू करावा. कमी असेल तर आणखी पाच-सात मिनिटे थांबावे. तापमापक नसेल तर सांध्याजवळ सुरी टोचावी: येणारा रस बहुतांशी स्वच्छ, किंचित गुलाबी असेल तर ही वेळ आली असे समजावे.

पहिला थर अगदी पातळ लावावा, कातडी जेमतेम ओली होईल एवढाच, आणि पाच मिनिटे भाजावे. हा थर सुकून चिकट होतो आणि पुढच्या थरांना धरून ठेवतो. दुसरा थर थोडा भरघोस लावून पुन्हा पाच मिनिटे. तिसरा थर लावल्यावर फक्त वरचा रॉड किंवा ग्रिल मोड चालू करावा, परदेशातल्या ओव्हनमध्ये ब्रॉयलर, आणि दोन ते तीन मिनिटे ओव्हनसमोरच उभे राहावे. ग्लेझवर बारीक बुडबुडे येऊन कडांना गडद तपकिरी ठिपके पडू लागले की लगेच बाहेर काढावे. एका मिनिटाच्या दुर्लक्षाने सगळी मेहनत काळी पडते, त्यामुळे या वेळी फोन घेऊ नये, भातही पाहायला जाऊ नये. एखाद्याच तुकड्याची कड जास्त भाजली जात असेल तर तिथे फॉइलचा लहान तुकडा टेकवावा.

सुरक्षिततेसाठी चिकनचे आतले तापमान किमान 74 अंश, म्हणजे 165 फॅरनहाइट, असायलाच हवे. लेग पीससाठी मात्र 80 ते 85 अंश हेच लक्ष्य ठेवावे. हाडालगत लालसर रंग दिसला म्हणून चिकन कच्चे आहे असा निष्कर्ष काढू नये. कोवळ्या कोंबडीच्या हाडांतल्या मगजाचा रंग पाझरून मांस तसे दिसते आणि पूर्ण शिजल्यावरही तो राहतो. तापमापकावर विश्वास ठेवावा. बाहेर काढल्यावर जाळीवरच आठ-दहा मिनिटे राहू द्यावे. रस स्थिरावतो आणि ग्लेझ घट्ट बसतो. झाकण ठेवू नये, वाफेने ग्लेझ विरघळतो.

धुराचा वास

हवाईत हे चिकन कियावेच्या लाकडावर भाजतात. 1828 साली फादर अलेक्सिस बाशेलो यांनी होनोलुलूत लावलेल्या रोपापासून हे झाड तिथे पसरले असे मानले जाते, आणि ते आपल्याकडच्या वेड्या बाभळीचे अगदी जवळचे भावंड आहे. त्यामुळे कोळशाच्या वखारीत वेड्या बाभळीचा कोळसा मिळाला तर तो मूळ चवीच्या पुष्कळ जवळ नेतो. ओव्हनमधून काढलेले चिकन मोठ्या पातेल्यात ठेवावे, मध्ये स्टीलची वाटी ठेवून त्यात लाल झालेला कोळशाचा तुकडा घालावा, त्यावर अर्धा चमचा वास नसलेले तेल सोडून दोनच मिनिटे झाकण लावावे. तूप वापरू नये, त्याचा सुगंध या चवीत परका वाटतो. झाकण दोन मिनिटांहून जास्त ठेवल्यास वर सांगितल्याप्रमाणे ग्लेझ सैल पडतो. खिडक्या उघड्या ठेवाव्यात. झटपट पेटणाऱ्या रासायनिक कोळशाच्या वड्या यासाठी कधीही घेऊ नयेत.

सोबत काय असावे

हवाईच्या प्लेट लंचमध्ये अशा चिकनबरोबर चिकट भाताचे दोन गोळे आणि मॅकरोनी सॅलड असते. बासमतीचे मोकळे दाणे येथे उपयोगाचे नाहीत, कारण गोड-खारट ग्लेझ टिपून घेणारा भात हवा. मावळातला इंद्रायणी तांदूळ या कामाला फार छान आहे: एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी, मीठ न घालता. मीठ ग्लेझमधून येणारच आहे. मॅकरोनी नेहमीपेक्षा दोन मिनिटे जास्त शिजवून गरम असतानाच एक चमचा व्हिनेगर शिंपडावे, गार झाल्यावर मेयोनेज, किसलेले गाजर, बारीक चिरलेला पातीचा कांदा आणि मिरपूड घालून दोन तास फ्रीजमध्ये ठेवावे. हे सॅलड मुद्दाम सौम्य ठेवतात, आणि त्या सौम्यपणामुळेच चिकनची तीव्र चव उठून दिसते.

अननसाच्या बोटभर जाडीच्या चकत्या चिकनच्या पहिल्या ग्लेझबरोबरच जाळीच्या मोकळ्या जागेत ठेवाव्यात आणि शेवटच्या थराबरोबर त्यांनाही ब्रश फिरवावा. वाढताना चिकनवर भाजलेले तीळ आणि हिरवी कांद्याची पात भुरभुरावी व राखलेला ग्लेझ गरम करून बाजूला द्यावा.

उरलेले चिकन दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावे आणि तीन दिवसांत संपवावे. पुन्हा गरम करताना थेट आच दिली तर ग्लेझ करपतो, म्हणून थोडे पाणी शिंपडून फॉइलने घट्ट झाकावे, 160 अंशांवर 15 ते 20 मिनिटे ठेवावे आणि शेवटची तीन मिनिटे फॉइल काढावे. उरलेला न वापरलेला ग्लेझ स्वच्छ बरणीत आठवडाभर टिकतो. त्याचे दोन चमचे, हाडांवरून सोडवलेले चिकनचे तुकडे आणि आदल्या दिवशीचा इंद्रायणीचा गार भात मोठ्या आचेवर परतला की दुसऱ्या दिवशीचा डबा होतो. त्यात अंडे घातले तर उत्तम, पण सोया सॉस पुन्हा घालू नये.